अरैयाश : कश्काइशची लोण्याची बिस्किटं आणि माझा कणीक मळणारा हात

निंबोणी :

लिस्बनच्या काइश दु सुद्रे स्टेशनातून पश्चिमेकडे एक लोकल सुटते. डावीकडे आधी तेजू नदी असते, मग ती कधी संपली हे कळायच्या आत समुद्र सुरू होतो. शेवटचं स्टेशन कश्काइश. (लिहिताना 'कास्काइस'सारखं दिसतं, पण इथली माणसं जागा मिळेल तिथे 'स'चा 'श' करतात. त्यांचं लिस्बनसुद्धा 'लिश्बोआ' आहे.) आम्ही या लाइनवर मधेच एका स्टेशनाजवळ राहतो. आज लिहायचंय ते याच कश्काइशच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बिस्किटांबद्दल. नाव 'अरैयाश', म्हणजे वाळू.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. गेल्या दिवाळीत त्यांना डबीभर बेसनाचे लाडू नेऊन दिले. चार दिवसांनी डबी परत आली ती भरलेली. रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत त्यांना कोणी शिकवली माहीत नाही, पण शिकवणारीचा हात माझ्या आजीसारखाच असणार. आत सुपारीहून थोडी मोठी, वरून जरा भेगाळलेली, साखर-दालचिनीत लोळवलेली बिस्किटं होती. एक तोंडात टाकलं आणि दात लावायच्या आधीच ते विरघळलं. मागे जिभेवर लोणी राहिलं आणि अगदी शेवटी लिंबाचा वास.

कृती मागितली. आजींनी वहीतलं पान उतरवून दिलं. मैदा, लोणी, साखर यांच्यापुढे आकडे होते. पण मीठ, दालचिनी, वरून लोळवायची साखर यांच्यापुढे नुसतं क्यू. बी., क्यू. बी. मला वाटलं एखाद्या कंपनीचं नाव असेल. दुकानात जाऊन 'क्यू. बी. मीठ' शोधलं, खोटं कशाला बोलू. नंतर कळलं की ते 'क्वांतु बाश्त' चं लघुरूप, म्हणजे पुरेल इतकं. आपल्या आया-आज्या 'अंदाजे घाल गं' म्हणतात ना, तेच! फक्त यांनी त्याला छापील रूप दिलंय. इथल्या पाककृतीच्या पुस्तकांत दर पानावर सापडतं.

पहिल्या खेपेला मैद्याची चुकीची पिशवी आणली. इथे मैद्याच्या पिशवीवर ५५, ६५ असे प्रकार लिहिलेले असतात, आणि शेजारीच अगदी तशीच दिसणारी एक 'कों फरमेंतु' पिशवी असते. त्यात बेकिंग पावडर आधीच घातलेली. ते दोन शब्द मी वाचले नाहीत. बिस्किटं टम्म फुगली आणि मग बसकण मारली. चव बरी होती, पण मुलगा म्हणाला, "आई, हा केक आहे का?"

दुसऱ्या खेपेला मैदा बरोबर, सगळं बरोबर, आणि बिस्किटं दगड. का ते मला कळेना. म्हणून तिसऱ्या खेपेला सामान घेऊन सरळ आजींच्या स्वयंपाकघरात गेले. लोणी-साखर फेसलं, मैदा घातला, आणि सवयीने तळहाताची टाच लावून मळायला लागले. आजींनी माझ्या मनगटावर चापट मारली. हलकीच, पण मारली. माझं पोर्तुगीज तोडकंमोडकं, त्यांचं बोलणं भरभर. कळलं ते एवढंच : हा पाव नाही.

वीस वर्षं कणीक मळून मळून माझ्या हाताला एकच गोष्ट ठाऊक होती, की गोळा दिसला की तो गुळगुळीत होईपर्यंत सोडायचा नाही. इथे नेमकं तेच नको होतं.

तर प्रमाण आणि कृती :

मैदा २५० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी १५० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, एका पिवळ्या लिंबाची किसलेली साल, चिमूटभर मीठ. वरून लोळवायला चार-पाच चमचे साखर आणि चमचाभर दालचिनी पूड. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही, दूध नाही. साधारण तीस-पस्तीस बिस्किटं होतात.

लोणी फ्रीजमधून अर्धा-पाऊण तास आधी काढा. बोट दाबलं तर खड्डा पडला पाहिजे, पण बोट तुपकट होऊन बाहेर यायला नको. साखर आणि लिंबाची साल आधी बोटांनी एकमेकांत चोळून घ्या, ओल्या वाळूसारखी होते आणि घरभर वास सुटतो. मग त्यात लोणी घालून लाकडी चमच्याने रंग फिका होईपर्यंत फेसा. पाच मिनिटं पुरे. मैदा आणि मीठ चाळून एकदम घाला आणि बोटांच्या टोकांनी फक्त गोळा करा. भुगा भुगा दिसेल, घाबरू नका. मूठ आवळली की मुटका व्हावा आणि अंगठ्याने दाबलं की मोडावा, तिथेच थांबायचं. एखादा चमचा दूध घालायचा मोह होईल. घालू नका.

झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग अक्रोडापेक्षा लहान, साधारण १५ ग्रॅमचे गोळे. चपटे करायचे नाहीत, भाजताना बुड आपोआप बसतं. १८० अंशावर १३ ते १५ मिनिटं. वरून पांढरटच राहायला हवीत, फक्त बुडाला बदामी कड आली की बाहेर. गरम असताना हातात धरलीत तर मोडतील. पाच मिनिटं ताटातच राहू द्या आणि कोमट असतानाच दालचिनी-साखरेत लोळवा. पार गार झाल्यावर साखर चिकटत नाही.

दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागतात. आमच्याकडे दुसरा दिवस क्वचितच उजाडतो.

---

खारीबुंदी : तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! पण फोटो कुठेत? फोटो नसलेली पाककृती म्हणजे नवरदेव नसलेली वरात.

निंबोणी : खारीबुंदी, फोटो काढायला मोबाईल आणेपर्यंत ताटात सहा उरली होती. पुढच्या खेपेला नक्की.

ढोबळमान : चांगलं लिहिलंय, पण यात पोर्तुगीज काय आहे? लोणी, साखर, मैदा. स्कॉटलंडचं शॉर्टब्रेड हेच. आपली नानकटाई जवळपास हीच. नाव बदललं की पदार्थ बदलतो का?

निंबोणी : ढोबळमान, मुद्दा मान्य. लोणी, साखर आणि मैदा एका घरात नांदायला लागले की हे बिस्किट जन्माला येणारच, मग घर कुठलंही असो. फरक असलाच तर बारीक आहे. शॉर्टब्रेड थापून कापतात, हे गोळ्याचं. लिंबाची साल इथे जवळजवळ सगळ्या घरगुती गोड पदार्थांत असते, दूधभातातसुद्धा. ते 'अरोश दोस' म्हणतात, आपल्या खिरीचा घट्ट भाऊ, आणि त्याच्यावर दालचिनी पुडीने चिमटीचिमटीने नक्षी काढतात, आपण रांगोळीच्या रेघा ओढतो तशी. लिंबू, लोणी आणि दालचिनी हे त्रिकूट जिभेवर आलं की मला ही जागा आठवते, एवढंच माझ्यासाठी पोर्तुगीज. आणि लोणी. इथे अझोर्स बेटांवरचं लोणी मिळतं. अटलांटिक महासागराच्या मध्यात नऊ बेटं, हिरवीगार, गाईच गाई. आजी दुसरं लोणी आणतच नाहीत.

सुगरणीचा_भाऊ : पुण्यात पिवळी लिंबं कुठून आणायची? आणि आपलं नेहमीचं अमूलचं लोणी चालेल का? त्यात मीठ असतं.

निंबोणी : चालेल. कृतीतलं चिमूटभर मीठ तेवढं वगळा. किंचित खारट कड येते, मला तर ती आवडते. बिनमिठाचं मिळालं तर उत्तम. घरचं ताजं लोणी मात्र नको. त्यात ताकाचा अंश आणि पाणी बरंच राहतं. युरोपात लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश लागतो आणि पाणी १६ टक्क्यांच्या वर चालत नाही. घरच्या लोण्याचा असा काही हिशोब नसतो, आणि पाणी आलं की मैदा चिवट होतो.

लिंबू आपलं कागदी घ्या, फक्त हिरवी-पिवळी वरची साल, तीही बारीक किसणीवर अलगद. पांढरा भाग आला की कडू. आपल्या लिंबाची साल पातळ, म्हणून एकाऐवजी दोन घ्या. आणि हो, आपली साखर इथल्यापेक्षा जाड दाण्याची असते. मिक्सरमधून एकदाच फिरवा. पार पिठीसाखर केलीत तर बिस्किट जास्त खुसखुशीत होईल, पण दाताखाली येणारी ती किंचित कचकच जाईल. नावाला जागायचं तर कचकच हवी.

संत्रानगरी : करून पाह्यली बाप्पा. नागपूर, मे महिना, बाहेर ४४. लोणी फ्रीजमधून काढलं, फोनवर दोन मिनिटं बोलली, तेवढ्यात वाटीत सूप. तसंच फेसलं. ताटात बत्तीस गोळे ठेवले होते, ओव्हनमधून एक भाकरी निघाली. चौकोनी. नवऱ्यानं सुरीनं वड्या पाडल्या न् खाल्ल्या, तक्रार नाही. पण काऊन झालं असं?

निंबोणी : अगं बाई! :) लोणी वितळलं की त्यात साखर फेसली जात नाही, नुसती बुडते. आणि असे गोळे ओव्हनमध्ये गेले की मैदा घट्ट व्हायच्या आधी तूप पसरतं. तुझ्याकडच्या उन्हाळ्यात लोणी बाहेर काढायचंच नाही. फ्रीजमधलं घट्ट लोणी मैद्यात किसून घाल आणि चुरमुऱ्यासारखं होईपर्यंत बोटांच्या टोकांनी चोळ. मग साखर. गोळे वळून झाले की ताटासकट फ्रीजरमध्ये २० मिनिटं. आणि ओव्हन पूर्ण तापल्याशिवाय ताट आत ठेवू नकोस. दिवा विझल्यावर आणखी पाच-सात मिनिटं थांब, लहान ओटीजीचा (टेबलावर ठेवायच्या छोट्या विजेच्या ओव्हनचा) दिवा जरा उतावळा असतो.

पत्र्याचा_डबा : धागा वाचून चाळीस वर्षं मागे गेलो. आमच्याकडे ओव्हन कुठला? परीक्षा संपल्या की आई रवा, मैदा, डालडा, पिठीसाखर मोजून पिशव्यांत भरायची आणि आम्ही दोघं भाऊ ते घेऊन बेकरीत. तिथे बायकांची रांग. बेकरीवाला आपलं सामान आपल्यासमोर मळून द्यायचा. पत्रे (भट्टीत सरकवायचे ट्रे) आपणच भरायचे. बिस्किटांवर काट्याने टोचे मारायचे काम माझं, नानकटाईवर चारोळी चिकटवायचं धाकट्याचं. बिस्किटांच्या पिठात तो चिमूटभर खायचा अमोनिया घालायचा. भट्टीचं तोंड उघडलं की नाकात झोंबायचं, पण बिस्किटं गार झाली की वासाचा मागमूस नाही. आपले पत्रे ओळखायला आई एका कोपऱ्यातल्या बिस्किटावर नखाने फुली मारून ठेवायची. संध्याकाळी पत्र्याच्या चौकोनी डब्यात वर्तमानपत्र घालून भरायची आणि डबा आईच्या कपाटावर. आम्हाला स्टुलाशिवाय पोचत नसे. स्टूल सरकवल्याचा आवाज यायचा, हीच अडचण.

तुमच्या आजींची चापट वाचून तो बेकरीवाला आठवला. माझ्या आईलाही तो म्हणायचा, "ताई, चपाती नाही करायची, हात काढा."

निंबोणी : डबेकाका, हे वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहाच. आणि तो माणूस बरोबर होता. मैद्याला पाणी लागलं आणि वर मळणं मिळालं की ग्लुटेनचे धागे तयार होतात. पोळीला ते हवेत, म्हणून तर ती फुगते आणि फाटत नाही. बिस्किटात लोणी मैद्याच्या कणांवर लेप देऊन बसतं आणि पाण्याला लांब ठेवतं. मळलं की तो लेप पुसला जातो. लोण्यातलं ते थोडंसं पाणीही मग पुरतं, आणि बिस्किट दगड होतं. माझा दुसरा प्रयत्न तोच.

शब्दवेल्हाळ : जरा अवांतर. 'अरैयाश' म्हणजे वाळू म्हणालात. साखरेला पोर्तुगीजमध्ये 'असूकर' म्हणतात, बरोबर? तो शब्द अरबी 'सुक्कर'वरून गेला, अरबीत फारसी 'शकर'वरून आला, आणि त्याचं मूळ संस्कृत 'शर्करा'. आता गंमत अशी की संस्कृतात शर्करेचा जुना अर्थ खडे, रेती. साखर दाणेदार दिसली म्हणून तिला ते नाव पडलं. म्हणजे तुमच्या आजी वाळू नावाच्या बिस्किटाला रेती नावाच्या साखरेत लोळवतात.

खारीबुंदी : शब्दवेल्हाळ, _/\_ हे मी आज ऑफिसात तीन जणांना सांगितलं.

ढोबळमान : याला म्हणतात घाव. मग आपणच त्यांना साखर दिली, त्यांनी आपल्याला बटाटा दिला. हिशोब बरोबर.

शब्दवेल्हाळ : पाव, बटाटा, काजू, अननस, घमेलं, बादली, चावी, साबण, पगार, लिलाव, नाताळ. हिशोब त्यांच्या बाजूने बराच वर आहे हो. आणि 'बिस्किट' आपल्याकडे इंग्रजीतून आलं असलं तरी पोर्तुगीज 'बिश्कोइतु' त्याचा सख्खा चुलतभाऊ. दोघांचं मूळ लॅटिन, अर्थ 'दोनदा भाजलेलं'. गलबतांवर महिनोन्महिने टिकावी म्हणून पार कोरडी करत ती ही बिस्किटं. दात पडतील अशी. नावात दोनदा भाजणं राहिलं, पदार्थातून ते केव्हाच गेलं.

निंबोणी : नावावरून आठवलं, अझोर्समधल्या तर्सैरा बेटावर एका गावाचं नावच 'बिश्कोइतुश' आहे. मी भाबडेपणाने आजींना विचारलं, तिथली बिस्किटं प्रसिद्ध आहेत का? त्या हसत सुटल्या. ज्वालामुखीच्या काळ्या, भेगाळलेल्या खडकांना तिथे बिस्किटं म्हणतात. गावाला नाव त्या खडकांचं. तिथे त्या काळ्या दगडांचे बांध घालून आत द्राक्षं लावतात.

म्हणजे माझा दुसरा प्रयत्न अझोर्सच्या परंपरेत बसतो. :)

मांडवीकाठ : निंबोणीताय, बरें बरयलां! मी पणजीची. आमच्याकडे नाताळात 'बोलिन्हा' करतात, तुमच्या अरैयाशची नात म्हणा हवं तर. पण माझ्या ऑफिसातली मुंबईची मंडळी तिला सरसकट 'पोर्तुगीज बिस्किट' म्हणतात, ते मला पटत नाही. नाव तिकडचं. पण आत काय आहे बघा : रवा, वाटलेलं ओलं खोबरं, अंड्याचा बलक, वेलची. मैदा असला तर थोडा. साखरेचा पाक करून त्यात खोबरं-रवा शिजवायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी गोळे करून चपटे दाबायचे आणि वर काट्याने किंवा सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या. रवा-नारळाचा लाडू ओव्हनमध्ये गेला तर काय होईल, तशी चव. पोर्तुगीज १९६१ साली गेले, बोलिन्हा राहिली, कारण ती पहिल्यापासून आमच्याच नारळाखाली वाढलेली. आमच्या शेजारणीच्या बोलिन्हेला लोणी नाही, तूप लागतं.

निंबोणी : मांडवीकाठ, देव बरें करूं! इथल्या आजींना खोबऱ्याचं सांगितलं तर त्या विचारतील किती, आणि तुम्ही म्हणाल क्यू. बी. :)

तूपरोटी : तुपाची करता येतील का ही? घरचं रवाळ तूप बरंच पडलंय. आणि चतुर्थीला चालतील का? (दुसरा प्रश्न सासूबाईंचा.)

निंबोणी : सासूबाईंना सांगा, मैदा आहे, चतुर्थी सुटल्यावर. तुपाचा हिशोब असा : १५० ग्रॅम लोण्यात स्निग्धांश साधारण १२० ग्रॅम. म्हणून तूप १२० ग्रॅम घ्या, थिजलेलं, पातळ नको. लोण्यातलं पाणी तुपात नसतं, म्हणून गोळा वळेनासा झाला तर चमचाभर गार दूध. इथे दूध चालेल, वर मीच नको म्हटलं होतं ते लोण्यासाठी. खुसखुशीत होतील, कदाचित लोण्याच्यापेक्षा जास्तच. पण तुम्हाला ती नानकटाईच लागणार, मग ढोबळमान येऊन म्हणतील, बघा, मी सांगितलं होतं.

ढोबळमान : बघा, मी सांगितलं होतं.

लोकलमधली_खिडकी : ओव्हन नाही. कढईत होतील?

पत्र्याचा_डबा : होतील. जाड बुडाची कढई, तळाला बोटभर मीठ किंवा धुवून वाळवलेली वाळू, वर जाळी, त्यावर पसरट ताटली. झाकण घट्ट. दहा मिनिटं मध्यम आंचेवर रिकामी तापवा, मग ताटली ठेवून आंच बारीक. १८-२० मिनिटं लागतील. वरून रंग येणार नाही, पण या बिस्किटाला तो नकोच आहे असं दिसतंय. बुड मात्र तिसऱ्या-चौथ्या मिनिटापासून वास घेऊन तपासत राहा.

शब्दवेल्हाळ : वाळूवर भाजलेली वाळू. मी गप्प बसतो.

चकलीबहाद्दर : आमच्याकडे सोऱ्या दिवाळीनंतर अकरा महिने रिकामा पडलेला असतो. हे पीठ सोऱ्यातून चांदणीच्या चकतीने पाडलं तर?

निंबोणी : अरैयाशचं पीठ सोऱ्यातून पडायचं नाही, तुटेल. पण तुमच्यासाठी एक दुसरं आहे. आवैरू नावाचं गाव, इथून उत्तरेला, खाडीच्या काठी, रंगीत होड्यांसाठी लोक बघायला जातात. तिथली बिस्किटं 'हायवाश'. नावाचा अर्थ राग, संताप! लोणी, साखर, अंडी, मैदा आणि पिठातच दालचिनी. पिठाची करंगळीहून बारीक लांब दोरी वळतात आणि ती बोटांनी कशीही, वेडीवाकडी गुंडाळून ठेवतात. चकली जर कोणाशी भांडून आली तर जशी दिसेल तशी. अंड्यामुळे पीठ मऊ आणि लवचीक असतं, सोऱ्यातून पडेल. फक्त सुबक गोल चकल्या पाडू नका, मग राग कुठे दिसणार?

हायवाश जरा कडक असतात, कॉफीत बुडवायला बऱ्या. अरैयाश बुडवू नका, कपात वाळू होईल. मी केलंय.

चकलीबहाद्दर : आमच्या पहिल्या घाण्याच्या चकल्या तशाच असतात. आता त्यांना नाव मिळालं.

सुगरणीचा_भाऊ : काल केली, अमूल, मीठ न घालता, कागदी लिंबं दोन. बहिणीने (ती सुगरण, मी भाऊ) खाऊन विचारलं कुठून आणलीस. हा माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण. दोन निरीक्षणं : ओटीजीत वरची-खालची दोन्ही कॉइल लावली तर वरून लवकर लाल होतात, म्हणून खालची एकटीच आणि ताट मधल्या कप्प्यात. आणि पहिल्या घाण्याला १४ मिनिटं लागली, दुसऱ्याला ११. ताट गरम होतं म्हणून असेल.

निंबोणी : अगदी तेच. दुसऱ्या घाण्याचे गोळे गरम ताटात ठेवले की ओव्हनमध्ये जायच्या आधीच लोणी पाझरायला लागतं. ताट उलटं करून नळाखाली धरा, पुसा, मग भरा. अभिनंदन, बहिणीला चाट पडू देत.

लोकलमधली_खिडकी : डबेकाकांच्या रीतीने कढईत केली. चांगली झाली, पण मुंबईचा पाऊस! तिसऱ्या दिवशी मऊ पडली. फेकवत नाहीत.

निंबोणी : फेकू नकोस. दालचिनी-साखर ओलावा ओढते. कढई बारीक आंचेवर तापवून पुन्हा आठ-दहा मिनिटं ठेव, गार झाल्यावर कुरकुरीत. (शब्दवेल्हाळ म्हणतील, आता खरं 'दोनदा भाजलेलं' झालं.) पावसाळ्यात साखरेत लोळवून ठेवूच नका, खायच्या दिवशी लागतील तेवढीच लोळवा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात.

संत्रानगरी : दुसरा प्रयत्न. लोणी किसलं, फ्रीजर, ओव्हन पूर्ण तापवला. बत्तीसपैकी तीस सुटी निघाली! दोन जुळी. पोरगा म्हणे, मागच्या वेळची भाकरी जास्त चांगली होती. आता काय बोलायचं ह्याले.

पत्र्याचा_डबा : भाकरी पण करा. मुलं काय लक्षात ठेवतील सांगता येत नाही.

तूपरोटी : तुपाची केली, १२० ग्रॅम, दूध लागलं नाही. लिंबाऐवजी वेलची घातली. राहवलं नाही.

निंबोणी : तूपरोटी, तुमचं वाचून मीही काल तुपाची, वेलची घातलेली केली आणि आजींकडे नेली. त्यांनी एक खाल्लं, मान हलवली आणि सांगून टाकलं : ही अरैयाश नाहीत. मग दुसरं घेतलं. चौथ्यानंतर चहा टाकायला उठल्या. (चहाला इथे 'शा' म्हणतात, त्यामुळे चहाचं आमंत्रण मला पहिल्या दिवसापासून कळतं.) परत आल्या त्या वही आणि चष्मा घेऊनच. वेलचीच्या दाण्यांची पुडी माझ्याकडून मागून घेतली, हुंगली, कशी कुटायची ते विचारलं. किती घालायची ते मात्र विचारलं नाही. तूप १२० ग्रॅम लिहिलं, आणि खाली वेलचीपुढे क्यू. बी.

खारीबुंदी : फोटो अजून आलेले नाहीत, याची नोंद घ्यावी.